कळव्याच्या तरीपर्यंत

कल्याणच्या टेशनाबाहेर वडाखाली भाड्याच्या गाड्या उभ्या राहत, त्यांत गोपीनाथाची दमणी लांबूनच ओळखू यायची. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी, वर कमानीचं छप्पर. लेकीबाळींना न्यायला-आणायला हीच बरी. इतरांच्या छपरावर नुसती बांबूची तट्टी असे. गोपीनाथाच्या बायकोने, शेवंतीने, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून आपल्या छपराला आतून लावली होती. तिच्यामुळे ऊन लागत नसे, आणि आत बसलेल्या बाईला घरातच बसल्यासारखं वाटे.

गोपीनाथ आगरी. शहाडच्या पलीकडे, मुरबाडच्या रस्त्यापासून थोडं आत त्याचं गाव. बापाच्या तरुणपणी इथल्या गाड्या थेट घाट चढून जुन्नरला जात. आगगाडी झाली, लांबची वाहतूक तिने उचलली, आणि गाडीवानांच्या वाट्याला उरलं ते टेशनापासून गावापर्यंतचं तुकड्यातुकड्यांचं काम. गोपीनाथाला त्याचं वाईट वाटत नसे. त्याला माणसं लागत. गाडी चालू झाली की मागं न वळता तो विचारायचा, "कुठली गो तू? कुणाची लेक?" आणि रायत्याची नदी येईस्तोवर त्या बाईच्या सासूची, नणंदेची, गाभण म्हशीची सगळी हकीकत त्याला कळलेली असे. घरी आला की हे सगळं शेवंतीला सांगायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टींवरच त्यांच्या संध्याकाळी जात.

शके अठराशे अठराच्या हिवाळ्यात मुंबईत गाठीचा ताप पसरला. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, अंग भाजून निघायचं, आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. लोक मुंबई सोडून पळू लागले. कल्याणच्या टेशनावर डॉक्टर उभे राहिले. उतारूंना रांगेत उभं करून नाडी बघत, काख चाचपत, आणि ज्याचं अंग गरम लागेल त्याला बाजूला काढून गावाबाहेरच्या झोपड्यांत नेत. त्या झोपड्यांना लोक करंटीन म्हणत आणि तिथून परत कुणी येत नाही असं मानत. म्हणून पुष्कळांनी आगगाडीची वाटच सोडली. भिवंडीकडून, मुंब्र्याकडून माणसं पायी आणि बैलगाड्यांनी येऊ लागली. डोक्यावर हंडे, काखोटीला मुलं, गाडीला मागं बांधलेली शेळी. इतकी माणसं रस्त्याने जाताना गोपीनाथाने जन्मात पाहिली नव्हती. पण कुणी बोलत नसे. गावोगावच्या वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या असत आणि काट्यांपलीकडे लाठ्या घेतलेली माणसं.

माघ लागला होता. एका सकाळी वडाखाली गाड्या उभ्या असताना एक बाई आली. तांबड्या चौकड्यांचं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा खुरूस. ठाण्याकडची किरिस्तांव असावी. ती एकेका गाडीवानाशी काहीतरी बोलली आणि एकेकाने मान हलवून बैल मागं घेतले. तिच्या मागं, टेशनाच्या कुंपणाला टेकून एक माणूस जमिनीवर बसला होता. इतक्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

ती गोपीनाथाकडे आली.

"दादा, ठाण्याला जायचंय. कळव्याच्या तरीपर्यंत, होडीपर्यंत सोडलंस तरी चालेल."

"आगगाडीनं जा की बाय. बसल्या-बसल्या पोचशील."

"आगगाडीत नाय घेणार त्याला." ती हळू आवाजात म्हणाली. "माझा नवरा हाय. फिलिप. ह्याच टेशनावर सांधेवाला, रुळांचे सांधे बदलतो. डॉक्टरनं बघितलं तर करंटीनमधे टाकतील. त्याची आई ठाण्याला हाय. तिच्याकडं नेते."

शेजारच्या गाडीवानाने तिच्यामागून गोपीनाथाला नको-नको अशी खूण केली. गोपीनाथालाही नकोच होतं. पण नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात तो माणूस कुंपणाला धरून उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. बाई धावत त्याच्याकडे गेली. एकटीने त्याला उचलायला पाहू लागली. गोपीनाथाने दमणी वळवून कुंपणापाशी आणली.

आयुष्यात पहिल्यांदाच गोपीनाथ स्वतः गाडीवर बसला नाही. कासरा हातात धरून बैलांच्या पुढं पायी चालला, कारण आत बसलेल्या माणसाचा श्वास आपल्याला लागेल अशी त्याला भीती वाटत होती. ठाकुर्ली गेली, डोंबिवली गेली. कोपरच्या पुढं गाडीवाट मिठागरांच्या बांधाला लागते. एका बाजूला पांढऱ्या मिठाचे ढीग, दुसऱ्या बाजूला आगगाडीचे रूळ. मिठागरातल्या माणसांनी गाडी पाहिली, आत निजलेला माणूस पाहिला, आणि फावडी टाकून ती लांब जाऊन उभी राहिली.

बाईने आपलं नाव सेलेस्टीन सांगितलं. गोपीनाथाने विचारलं नव्हतं. या गाडीत तो कुणाला काही विचारणार नव्हता.

दिवा गावाच्या अलीकडे मागून आगगाडी आली आणि धूर सोडत पुढं गेली. फिलिपने डोळे उघडले. "ही उशिरा चाललीय," तो म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ होता, कामावर असल्यासारखा. सेलेस्टीन रडता-रडता हसली. "असू दे उशिरा. तू नको बघूस." मुंब्र्याच्या डोंगराच्या सावलीत गाडी आली तेव्हा मागचं कण्हणं थांबलेलं गोपीनाथाच्या ध्यानात आलं. तो थांबला नाही. सेलेस्टीनच काही वेळाने म्हणाली, "दादा, सावकाश चालव आता. घाई नाय."

कळव्याला खाडीच्या काठी पोचले तेव्हा दुपार कलली होती. पलीकडे ठाणं दिसत होतं, झाडांमधून कौलं दिसत होती. तरीवरच्या नावाड्याने लांबूनच हात वर केला.

"मढं माझ्या होडीत नाय घालायचं."

"बाबा, माती तरी त्याच्या आईसमोर होऊ दे," सेलेस्टीन म्हणाली. "तू होडीत बसू नको. मी वल्हवते."

"आणि उद्या माझ्या होडीत कोण बसंल? माझ्या पोरांनी काय खायचं?"

ती चिखलात उतरून त्याच्या पाया पडायला गेली, तसा तो होडी ढकलून पाण्यात गेला आणि काठापासून दूर उभा राहिला. तिने हाका मारल्या. त्याने पाठ फिरवली, पण तो गेलाही नाही. पाठ करून तिथंच होडी धरून राहिला.

मग गोपीनाथाने मिठागराच्या बांधावर पडलेलं फावडं आणलं. खाडीच्या कडेला दोन बांधांच्या मधे जरा उंच, कोरडी जागा होती. तिथं त्याने खणलं. एवढा वेळ ज्या माणसाच्या श्वासाला तो भ्यायला होता, त्याला दोघांनी मिळून उचललं. गोपीनाथाने खांदे धरले. सेलेस्टीन गुडघे टेकून गोपीनाथाला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली, आणि गोपीनाथ पागोटं काढून हातात धरून उभा राहिला. त्यांच्यात काय करतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

"तू ठाण्याला कशी जाशील?" त्याने विचारलं.

"पुलावरून." तिने आगगाडीच्या पुलाकडे बोट केलं. "सांधेवाल्याची बायको मी. गाडी कवा येते ठावं हाय मना."

ती गेली. रुळांच्या कडेने, लुगडं घट्ट खोचून, एक हात कठड्यावर ठेवून. पलीकडच्या झाडांत ती दिसेनाशी होईपर्यंत गोपीनाथ बघत राहिला. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती, तरी तो बैलांच्या पुढं पायीच चालला.

गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या होत्याच. आज त्यांच्यामागं त्याचा चुलता धोंडीबा उभा होता. बातमी गाडीच्या आधी पोचली होती.

"गोपीनाथ, तू आत येऊ नको."

"काका, मना काय झालं नाय."

"नाय झालं तर बरंच. अमावस्येपर्यंत रस्त्यावर राहा. नाय झालं तर ये मग."

गोपीनाथ वाद घालणारा माणूस नव्हता, आणि चुलत्याचं म्हणणं खोटं आहे असंही त्याला वाटलं नाही. रस्त्याच्या कडेला एक जुनी चिंच होती, तिच्याखाली त्याने दमणी सोडली. शेवंती रोज वेशीबाहेर येऊन एका दगडावर भाकरी आणि कालवण ठेवी, मागं सरकून उभी राही, आणि तो घ्यायला आला की ओरडून विचारी, "जेवलाव का काल? आंबट नाय ना झालं?" तोही ओरडून उत्तर देई. एवढ्या वर्षांत ते दोघं एकमेकांशी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. पहिल्या दिवशी तिला हसू आलं होतं. मग तिने विचारलं, "त्या बाईचं काय झालं?" आणि त्याने खाडीकाठची सगळी हकीकत तिला रस्त्यावरून ओरडून सांगितली. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.

अमावस्या यायच्या आतच गावात उंदीर मरून पडू लागले. लोकांनी घरं सोडली, खळ्यांवर पेंढ्याच्या झोपड्या घातल्या. एका सकाळी भाकरी घेऊन शेवंती आली नाही. शेजारची ठमाबाई आली. तिने भाकरी दगडावर ठेवली आणि ती तिथंच उभी राहिली.

"शेवंती कुठं?"

"ताप आलाय तिला. रातच्यापासून."

गोपीनाथ काट्या तुडवत आत धावला. त्याला कुणी अडवलं नाही. अडवायला वेशीवर कुणी उरलं नव्हतं. शेवंतीची झोपडी सगळ्यांपासून लांब, खळ्याच्या टोकाला घातली होती. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्याने पाणी पाजलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि चिडून म्हणाली, "तुमी कशाला आलाव? बाहेर होताव ते बरं होतं." मग त्याचा हात तिने सोडला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येता-येता ती गेली.

खांदा द्यायला माणसं मिळाली नाहीत. गोपीनाथाने तिला तिनेच शिवलेल्या गोधडीखाली, आपल्या दमणीत घालून नदीवर नेलं. ठमाबाईचा नवरा लाकडं घेऊन मागून आला आणि लांब उभा राहिला. तेवढाच एक.

पुढं गावात आणखी माणसं गेली. आणि शिमगा सरेपर्यंत गावात बोलणं ठरून गेलं की ताप आणला तो गोपीनाथाने. तो आत आला नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग लोक म्हणाले, दगडावरच्या भांड्यांतून आला. धोंडीबाचा मधला मुलगा गेला होता. धोंडीबाने गोपीनाथाकडे बघणं सोडलं.

गोपीनाथाला गाठ आली नाही, ताप आला नाही, साधा खोकला आला नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण याची त्याला लाज वाटे. गावातलं घर बंद करून तो चिंचेखालीच राहिला. पावसाळ्याआधी त्याने तिथं कुडाची झोपडी घातली.

कल्याणला वडाखाली दमणी उभी करी, पण ज्या बायका पूर्वी त्याला नावाने हाक मारीत त्या आता दुसऱ्या गाडीकडे वळत. "त्याच्या गाडीतून मढी जातात," असं नव्या माणसालाही कुणीतरी सांगे. अखेर त्याने छप्पर काढून ठेवलं, गोधडी घडी करून झोपडीत आढ्याला टांगली, आणि मुरबाडच्या रस्त्याच्या कामावर खडी वाहू लागला. खडीला कुणाची लेक ते विचारायचं नसतं. दिवसच्या दिवस त्याच्या तोंडून बैलांशिवाय कुणासाठी शब्द निघत नसे, आणि संध्याकाळी झोपडीत आला की दिवसभरातलं सांगण्यासारखं काही नसे, ऐकायलाही कुणी नसे.

पावसाळा संपून कार्तिक लागला. एक दिवस रस्त्यावर खडीचा ढीग उतरवत असताना कुणीतरी हाक मारली, "गाडीवाले दादा!"

सेलेस्टीन होती. कल्याणच्या वडाखाली विचारत-विचारत पायी एवढ्या लांब आली होती. पार वाळली होती.

"आमच्यात मेलेल्यांचा दिवस असतो," ती म्हणाली. "परवा हाय. मी एकटी जाऊन बघून आले. जागाच गवसत नाय. पावसात सगळं बदललंय. तुझ्याशिवाय कुणाला ठावं नाय."

गोपीनाथाने त्या संध्याकाळी गाडी धुतली, छप्पर चढवलं आणि गोधडी परत लावली. तिसऱ्या दिवशी पहाटेच कल्याणच्या वडाखालून तिला घेऊन तो निघाला. या खेपेला तो पुढं चालला नाही, आपल्या जागेवर बसला. कोपर मागं पडल्यावर त्याने न वळता विचारलं, "सासू बरी हाय तुझी?"

सेलेस्टीन म्हणाली, "उर्सुलाआई माझ्याशी बोलत नाय. माझ्या पोराला कुत्र्यासारखा चिखलात टाकून आलीस, म्हणते. मी सांगितलं. तिला पटत नाय. आळीतली माणसं पण घरात येत नायत." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुझी बायको?"

त्याने सांगितलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायला लागला आणि दिवा येईपर्यंत सांगतच राहिला, शेवंतीचं ओरडून विचारणं, आंबट कालवण, सगळं. मागून मधूनमधून "हां, हां" ऐकू येत होतं.

खाडीने काठ खाल्ला होता, एक बांध नवा घातला होता. गोपीनाथ इकडून तिकडे फिरला.

"हितंच?" सेलेस्टीनने विचारलं.

"ह्या दोन बांधांच्या मधी. बोट ठेवून नाय सांगता येत, बाय."

"चालेल," ती म्हणाली. तिने मेणबत्ती लावली. जाताना म्हणाली, "पुढल्या साली ह्याच दिवशी येईन. येशील ना?"

पुढल्या साली त्या दिवशी गोपीनाथ छप्पर चढवून वडाखाली उभा राहिला. आगगाड्या आल्या, गेल्या. सेलेस्टीन आली नाही. उन्हं चढली तसा त्याने विचार केला आणि रिकामी गाडी कळव्याला हाकली. तरीवर तोच नावाडी होता. गोपीनाथाने बैल सोडले आणि मुकाट्याने होडीत बसला. नावाड्यानेही ओळख दाखवली नाही. मात्र पलीकडे उतरल्यावर त्याने भाड्यासाठी हात पुढं केला नाही.

ठाण्यात तलावाच्या बाजूला किरिस्तांवांची वस्ती होती. सांधेवाल्या फिलिपचं घर विचारल्यावर एका मुलीने दाखवलं. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"सेलेस्टीन हाय का?"

"मुंबईला गेली. बहिणीकडं, विनिफ्रेडकडं. आयाचं काम करते." म्हातारीने वर पाहिलं. "तू कोण?"

"मी गोपीनाथ, आई. कल्याणचा गाडीवान. तुमच्या फिलिपला आणला तो मीच."

म्हातारीचे हात थांबले. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "बस."

तो ओट्याखाली पायरीवर बसला. ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. सेलेस्टीनच्या मांडीवर त्याचं डोकं होतं का? होतं, कल्याणपासून तरीपर्यंत. पाणी दिलं? दिलं. नावाड्याच्या पाया पडली? पडली, चिखलात उतरून. मी वल्हवते म्हणाली. खणलं कुणी? मी खणलं, आई. पुरुषभर खोल. चिखल नव्हता तिथं, कोरडी जागा होती.

"माझं नाव घेतलं त्यानं?"

गोपीनाथाला खोटं बोलता आलं असतं. "नाय, आई. आगगाडी गेली बाजूनं. ही उशिरा चाललीय, असं बोलला. तेवढंच."

म्हातारीच्या तोंडावर काहीतरी हललं. "लहानपणापासनं तोच नाद," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "तिनं सगळं हेच सांगितलं होतं. मी तिला घरात ठेवली नाय."

तिचे गुडघे गेले होते. गोपीनाथाने हाताला धरून तिला तरीपर्यंत आणलं, होडीतून उतरवून दमणीत बसवलं, आणि बांधावरून अगदी सावकाश नेलं. दोन बांधांच्या मधे ती जमिनीवर बसली आणि पाण्यापलीकडे बघू लागली.

"आमच्या घराची चिंच दिसते हितनं," ती म्हणाली. "एवढ्याच लांब होता." परतताना तिने त्याला सांगितलं, "सेलेस्टीनला बोलावून घेते. यायची असेल तर येईल."

त्या उन्हाळ्यात धोंडीबा एक दिवस झोपडीपाशी आला. तो फार म्हातारा दिसत होता. "गोपीनाथ, आता घरी ये," म्हणाला. "लोक इसरले."

"लोक इसरले, काका. पण घरात कोण हाय?" गोपीनाथ म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने चुलत्याला पाणी दिलं. दोघं चिंचेखाली बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्या बघत राहिले आणि दिवे लागायच्या आत धोंडीबा उठून गेला.

पुन्हा मेलेल्यांचा दिवस आला. गोपीनाथाने छप्पर चढवलं, पण त्या सकाळी मुकादमाने त्याला एक खेप खडी टाकून जायला लावली, त्यामुळे कळव्याला पोचायला दुपार झाली. खाडीला भरती होती. नावाडी होडी बांधून जेवत बसला होता. गोपीनाथाला पाहून तो उठून उभा राहिला. मढं नाकारलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो आपणहून बोलला.

"सकाळीच येऊन गेल्या त्या. म्हातारी आणि सून, दोघी. सुनेनं धरून आणलं तिला. मीच सोडल्या अल्याड-पल्याड."

"माझं काय विचारलं?"

"विचारलं. सुनेनं विचारलं, कल्याणचा गाडीवान आला का म्हणून. वाट बघितली जरा. मग म्हातारीला ऊन सोसंना."

गोपीनाथ बांधावर गेला. दोन बांधांच्या मधे गवत उपटून जागा साफ केली होती. झेंडूची फुलं होती आणि दोन मेणबत्त्या विझून मातीला चिकटल्या होत्या. आता त्यांना वाट दाखवायला कुणी लागणार नव्हतं. बरं झालं, असं तो स्वतःशी म्हणाला, मोठ्याने, आणि ते खरंच होतं. त्याने बैल सोडले, त्यांना चारा टाकला, फडकं सोडून भाकरी खाल्ली. पलीकडे ठाण्याच्या झाडांत त्या म्हातारीची चिंच कोणती ते शोधत तो थोडा वेळ बसला. त्याला ओळखता आली नाही. मग गाडी जुंपून तो मुंब्र्याच्या वाटेला लागला.